ते नाव आणि वळलेली डोकी

६ जानेवारी, सकाळ
नवी वही. मागच्या वहीची आठच पानं भरली होती, पण तिचं कव्हर नजरेतून उतरलं. आजपासून रोज लिहायचं आणि पाचला उठायचं. आज साडेआठ झाले, पण आजचा दिवस धरायचा नाही, आज ठरवण्याचा दिवस आहे.

मोठी बातमी. ताईने मला काम दिलं. या घरात आजवर मला मिळालेली कामं: कोपऱ्यावरून काहीतरी आण, माळ्यावरून काहीतरी काढ, आणि जरा गप्प बस. हे काम वेगळं आहे.

ताईला फेब्रुवारीअखेर बाळ होणार. नाव तिने ठरवून ठेवलंय, मुलगा-मुलगी कोणालाही शोभेल असं. अट एकच, बाळाच्या वर्गात त्या नावाचं दुसरं कोणी नको. ताईच्या वर्गात तिच्या नावाच्या पाच जणी होत्या. एक उंच, एक हुशार, एक डॉक्टरांची, एक गाणारी. ताई म्हणजे उरलेली. दहा वर्षं ती शाळेत 'उरलेली' होती. अजूनही रस्त्यात जुनी मैत्रीण भेटली की पलीकडच्या फुटपाथवरून ओरडते, अगं ए उरलेली.

मी फोटोवाल्या काकांच्या व्हॅनवर लागलोय. शाळाशाळांतून वर्गांचे फोटो काढायचे. समुद्राकाठ, सपाटी, खाणींचा भाग, शेवटी डोंगर. पहिल्या फेरीत फोटो काढायचे, दुसऱ्या फेरीत छापून वाटायचे. ताई म्हणाली, एवढा उंडारणारच आहेस तर कानोसा घे. हे नाव कुठे ऐकू येतं का, लोक नाक मुरडतात का. फक्त कानोसा. नाव कोणाला सांगायचं नाही. तिची नणंदही त्याच सुमाराला बाळंत होणार आहे, आणि या नणंदेने ताईच्या पडद्यांचा रंगसुद्धा सोडला नव्हता.

म्हणून नाव या वहीतही लिहीत नाही. 'ते नाव'. बस.

भाऊजी पेपरातून तोंड बाहेर न काढता म्हणाले, भोवऱ्याने एक काम शेवटाला नेलं तर मी मिशी काढीन.

भोवरा म्हणजे मी. घरात असंच म्हणतात. बाहेर माझं खरं नाव चालतं, चांगलं भरदार आहे.

भाऊजींच्या मिशीचे दिवस भरले.

९ जानेवारी, समुद्राकाठ
पहिली शाळा. उठलो सात वाजता. प्रगती.

काम असं: बाकं लावायची, तीन रांगा, उंच पोरं मागे. निळ्या आभाळाचा पडदा ताणायचा. माझ्या पट्ट्याला दोरीने कंगवा बांधलेला आहे, तो सगळ्यांच्या डोक्यांवरून फिरवायचा. मग डावीकडून उजवीकडे नावं लिहून घ्यायची, ती फोटोखाली छापतात. काका दिवसभरात दोनच शब्द बोलतात. हलू नका.

म्हणजे शेकडो पोरांची नावं माझ्याच हाताने लिहिलेली माझ्याच खिशात. तिथेच शोधता आलं असतं. पण यादी ही मेलेली वस्तू. मला जिवंत पुरावा हवा. पद्धत शोधली: काका बटण दाबणार तेवढ्यात बाजूच्या व्हॅनपाशी उभं राहून ते नाव जोरात पुकारायचं. ज्याचं असेल त्याचं डोकं वळेल. डोकी फोटोत येतील. पुरावा कायमचा.

तराजूला दुसरं पारडं लागतं, म्हणून तुलनेसाठी एक खात्रीचं, लोकप्रिय नाव घेतलं. माझं.

निकाल (लाल वहीत नोंदवला. ती सर्व्हेची वही, ही खासगी). ते नाव: सातवीची चौदा डोकी वळली. यादीत मात्र त्या नावाचं कोणी नाही. म्हणजे नाव दुर्मीळ, शिवाय आकर्षक. माझं नाव: पोरांपैकी शून्य. फक्त शाळेची घंटा वाजवणारे आजोबा, काय हो, म्हणत पडद्यामागून फोटोत आले. त्यांचं नाव तेच. चाळीस वर्षांत घंटा एक मिनिट चुकली नाही, असं हेडबाई म्हणाल्या.

पोरं लाजली असावीत.

१० जानेवारी
नाव ऐकू येतं की नाही हे कळलं, पण लोकांना आवडतं का, हे नाव न सांगता कसं विचारणार? रात्रभर विचार केला (नऊ ते सव्वानऊ). उत्तर सापडलं. अनोळखी माणसाला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. ते वाऱ्यावर बोलल्यासारखं आहे.

बालवाडीच्या बाईंना विचारलं. त्यांना सातवा महिना. ते नाव ऐकून हातातले खडू बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, परत सांगा बरं. परत सांगितलं. म्हणाल्या, थांबा, पेन आणते.

एवढा आदर मी कुठल्या नावाला मिळालेला पाहिला नाही.

दुपारी बंदरावर एक जण होडीला हिरवा रंग देत होता, ते बघत बसलो. त्यामुळे पाचवी ब ची यादी राहिली. आठवणीतून लिहून काढली. स्मरणशक्ती उत्तम असल्याचा फायदा.

१५ जानेवारी, सपाटी
रस्ता असा सरळ की काकांनी अर्धा तास स्टिअरिंगला हात लावला नसेल, असं वाटलं. मी पुढच्या सीटवर बसून माउथऑर्गन शिकतोय. होडीवाल्याकडून कंगव्याच्या बदल्यात घेतला. काकांना अजून कंगव्याचं कळलेलं नाही.

तीन शाळा. ते नाव: एकही मूल नाही. विचारलेली माणसं: सतरा. नाक मुरडणारी: शून्य. एका आजीने तर नातीला लगेच फोन लावला.

माझं नाव: मुलं शून्य. स्कूलबसचे ड्रायव्हर तेवढे वळले, घाईत फोटोत अर्धेच आलेत. शिपाई सांगत होता, एखादं पोर बुटाची नाडी बांधत बसलं तरी हा माणूस हॉर्न वाजवत नाही. इंजिन बंद करून थांबतो.

छान. पण मी ड्रायव्हर मोजत नाहीये.

ताईला फोन केला. एक मूलही नाही, आवडतं सगळ्यांना, असं सांगितलं.  ती म्हणाली, भोवऱ्या, खरंच केलंस? आवाज जरा ओला वाटला. म्हटलं, मी आहे ना. मागून भाऊजी म्हणत होते, अजून महिना आहे.

१९ जानेवारी, खाणींचा भाग
सगळीकडे काळी धूळ. आमचं निळं आभाळ दुपारपर्यंत करडं झालं. पोरांचे दात मात्र फोटोत झकास येणार.

आज सर्व्हेतला सर्वोच्च क्षण. बोटात बाकाचा खिळा गेला म्हणून काकांनी दवाखान्यात पाठवलं. तिथे बाहेर बाकांवर अकरा गरोदर बाया. अकरा! एवढं शुद्ध सॅम्पल विद्यापीठांना मिळत नाही. उभं राहून सगळ्यांना एकदम विचारलं.  मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एकीने अर्थ विचारला. अर्थ मला माहीत नव्हता, पण तिचा हिरमोड कशाला करा? आहे त्यापेक्षा बरा सांगितला. सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, काय गोंधळ आहे, बोट कोणाचं? मग त्याही थांबून ऐकू लागल्या.

बोट तसंच घेऊन परत आलो. आनंदात विसरलो.

माझं नाव: मुलं शून्य. शाळेत डबे धुणाऱ्या बाई म्हणाल्या, या नावाचा माझा थोरला दीर होता. वस्तीत भांडण झालं की त्याला बोलवायचे. तो काही बोलायचा नाही, नुसता मधे येऊन बसायचा.

वहीत नोंदवलं. का कोण जाणे.

२४ जानेवारी
संकल्प: एक, पाचला उठणे. दोन, माउथऑर्गन रोज तासभर. तीन, यादी करताना इकडेतिकडे न बघणे. चार, नवा कंगवा.

संध्याकाळ: एक, उद्यापासून. दोन, काकांनी माउथऑर्गन मागे बाकांच्या खाली ठेवून दिला. तीन, यादीच्या वेळी शाळेवरून पंधरा-वीस बगळे गेले, ते कसे न बघणार? चार, बोटांनीही भांग पडतो.

२८ जानेवारी, डोंगर
इथे सावध. ताईची नणंद याच गावात असते. मी तिला एकदाच पाहिलंय, त्यामुळे ती ओळखणार नाही. पण नाव तिच्या कानावर जाता कामा नये. म्हणून इथे सर्व्हे अतिशय मर्यादित ठेवला. फक्त दहा माणसं. त्यातली नऊ पुरुष. दहावी एक शिवणवाली, बाळांची टोपडी-अंगडी शिवते. तिला बजावलं, हे आपल्या दोघांत. ती म्हणाली, दादा, माझ्या तोंडातून सुईसुद्धा पडत नाही. खरोखरच तोंडात चार सुया होत्या. अशा माणसावर विश्वास टाकायचा नाही तर कोणावर?

माझं नाव: मुलं शून्य. चौथीच्या फोटोत पोस्टमन आलेत, सायकलसकट. एका म्हाताऱ्या बाईला दिसत नाही, तिची पत्रं तेच वाचून दाखवतात. पत्र कोरडं असलं तर पदरची एखादी बरी बातमी त्यात घालतात, असं मास्तर म्हणाले. सगळं गाव जाणून आहे, ती बाई सोडून.

अकरा शाळा झाल्या. माझ्या नावाचं एकही पोर नाही. नव्या पिढीला भरदारपणा पेलत नाही, असा निष्कर्ष.

४ फेब्रुवारी
फोटो छापून आले. काकांनी टेबलावर मांडले. अकरा शाळांपैकी अकराही शाळांतली पोरं कॅमेऱ्याकडे न बघता आमच्या व्हॅनकडे बघतायत. तीन फोटोंत कडेला एकेक म्हातारा. पाचवी ब मधे सदतीस पोरं, खाली नावं एकेचाळीस.

काका बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, हलू नकोस. आणि बाहेर जाऊन बसले.

मी हललो नाही. वीस मिनिटं तरी.

परत आल्यावर म्हणाले, फोटो तू वाटायचेस. प्रत्येक शाळेत, स्वतः, आणि काय झालं ते तूच सांगायचंस. जबाबदारी वाढली. हळूहळू माणसाची पारख होते.

११ फेब्रुवारी, परत समुद्राकाठ
फोटो वाटले. हेडबाई म्हणाल्या, ही पोरं कुठे बघतायत? म्हटलं, भविष्याकडे. चाललं. घंटावाल्या आजोबांना मात्र फोटो फार आवडला. चाळीस वर्षांत त्यांना कोणी फोटोत घेतलं नव्हतं. एक प्रत हळूच त्यांना दिली.

आणि बातमी! बालवाडीच्या बाईंना दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. तिचं नाव, ते नाव! त्यांच्या धाकट्या जावेनेही मुलाचं तेच ठेवलं. शिवाय बंदरावरची हिरवी होडी वाळली असून तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत तेच लिहिलंय.

नाव चाललं! महिन्यापूर्वी इथे कोणी ऐकलंही नव्हतं. हे कोणी केलं? सांगायची गरज नाही. रात्री आनंदाने माउथऑर्गन वाजवायला काढला, काकांनी परत ठेवून दिला.

१५ फेब्रुवारी, सपाटी
त्या आजीची पणती. शिपायाचा भाचा. चौकातल्या दुकानदाराची जुळी: नाव एकालाच देता आलं, म्हणून आईबापांची भांडणं चालू आहेत. एकूण तीन, आणि एक कुत्र्याचं पिल्लू. पिल्लू हाकेला येतं.

ताईला अजून सांगितलं नाही. समोरासमोर सांगावं अशी बातमी आहे. तिचं नाव सगळ्या मुलखात पसरतंय, कोणती आई नाचणार नाही?

१८ फेब्रुवारी, खाणींचा भाग
दवाखान्यात मुद्दाम गेलो. (बोट केव्हाच बरं झालंय.) लस टोचायचा दिवस होता. सिस्टरांनी दारात येऊन ते नाव पुकारलं आणि पाच बाया पाच गाठोडी घेऊन उठल्या. मी टाळ्या वाजवणार होतो.

सिस्टर वैतागून म्हणाल्या, असं नाही चालणार. मग हात करून वाटण्या केल्या. हे जाडं. हे रडकं. हे जावळवालं. हे सुपरवायझरांचं. पाचव्या बाईकडे बघून म्हणाल्या, आणि हे उरलेलं.

 त्या बाईने बाळाची टोपी सारखी केली आणि ती परत बसली.

पोटात काहीतरी हललं. दुपारचं जेवण असावं. कॅन्टीनमधे तेल जास्त असतं.

१९ फेब्रुवारी
तेल नव्हतं.

लाल वही काढून 'ते नाव'चा कॉलम पुन्हा मोजला. जानेवारीत शून्य. आता दहा, होडी आणि कुत्रा धरून बारा. जून-जुलैपर्यंत काय होईल? शाळेत जायच्या वयापर्यंत?

पण हे सगळे लांबचे. ताईचं बाळ काही खाणीत शाळेला जाणार नाही. आमच्या बाजूला अजून कोणालाच माहीत नाही. विनाकारण डोकं धरून बसलो. उद्या पाचला उठतो.

२१ फेब्रुवारी, डोंगर
पावणेपाचला जाग आली. पाचच्या आत उठलो असं वहीत पहिल्यांदाच खरं लिहितोय, पण कारण वेगळं. आईचा फोन.

ताईच्या नणंदेला मुलगा झाला. नाव ठेवून झालं. आई म्हणाली, ताईने ऐकलं आणि फोन खाली ठेवून भिंतीकडे तोंड करून झोपलीय. तुला काही माहीत आहे का रे?

म्हटलं, आवाज नीट येत नाहीये. डोंगर आहे.

शिवणवालीकडे गेलो. ती म्हणाली, देवाशप्पथ मी बोलले नाही दादा. फक्त नमुना म्हणून एका टोपड्यावर ते नाव भरलं आणि दुकानात लावलं.

टोपडं सुंदर होतं.

२४ फेब्रुवारी
ताईला मुलगा झाला. दोघंही बरी आहेत. मी मामा झालो. हे वाक्य तीनदा लिहून बघितलं, तिन्ही वेळा आवडलं.

घरी जाताना द्यायची कारणं तयार केली. एक, नावं हवेत असतात, एकाच वेळी दोघांना सुचतात. दोन, शास्त्रात असं घडतं. तीन, नणंदच तशी आहे. चार, मी.

चौथं खोडलं. परत लिहिलं. काका व्हॅन चालवत होते. त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून. त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, जा आणि हलू नकोस. या वेळी अर्थ कळला.

२६ फेब्रुवारी, घर
ताईच्या खोलीत गेलो. बाळ मुठी आवळून झोपलं होतं, एखाद्या कामाला निघाल्यासारखं. मी लाल वही आणि फोटो पलंगावर ठेवले आणि कारण नंबर चार सांगितलं. बाकीची तीन ओठांवर आली होती, गिळली.

 ताई वही वाचायला लागली. भाऊजी दारात, हाताची घडी. मी हललो नाही.

ती 'ते नाव'च्या कॉलमवर थांबली. नाकाने सूं केलं. मग शेजारचा कॉलम वाचायला लागली. तिथे बराच वेळ होती. फोटो काढून त्या कॉलमाशी एकेक लावून बघितले. घंटा. बस. सायकल. मग विचारलं, अकरा शाळांत एकही मूल नाही?

म्हटलं, एकही नाही. तो सर्व्हे नव्हता, ते तुलनेसाठी होतं.

आणि कोणी वाईट बोललं?

म्हटलं, नाही, पण बोलायला होतं कोण, सगळे म्हातारे.

ताईने बाळाकडे बघितलं. मग माझं नाव घेतलं. हळू, बाळाच्या कानाशी. मी म्हटलं, काय? ती म्हणाली, तुला नाही.

भाऊजी म्हणाले, अगं काय हे, घरात एक आहे तेवढा बास झाला. ताई म्हणाली, याला तर कोणी त्या नावाने हाकच मारत नाही. नाव वापराविना पडलंय.

 म्हटलं, ताई, माझ्यावरून ठेवतेस? ती म्हणाली, छे रे. त्या पोस्टमनवरून. घंटावाल्यावरून. बसवाल्यावरून.

मग माझा हात धरून ठेवला, हेही नोंदवतो.

८ मार्च
भाऊजींनी मिशी काढली. काम झालं, असा ताईने निकाल दिला. वरचा ओठ फारच छोटा निघाला. घरात कोणी त्यावर बोलत नाही. बाळ मात्र बघून रडतं.

काका परवा नव्या फेरीला निघतायत. मला बोलावलंय. अट: दोन कंगवे, आणि तोंड बंद.

आज दुपारी पुढच्या खोलीत बसून नवे संकल्प लिहीत होतो. स्वयंपाकघरातून आईने माझं नाव घेऊन हाक मारली. पूर्ण, भरदार, लाडाने. या घरात कित्येक वर्षांत कोणी अशी मारली नव्हती. पेन टाकलं, उठलो, ओ म्हणत आत गेलो.

आई बाळाला दुपट्यात गुंडाळत होती. वर न बघता म्हणाली, तू नाही रे भोवऱ्या. सरक, उजेड येऊ दे त्याच्यावर.

लाल वहीत नोंद केली. ठिकाण: घर. वळलेली डोकी: एक. मुलं: शून्य.